टॉवेलचा बाण, चादरीची धाव

(यंत्रमागाची खडखड. जॅकार्डची कार्डं जवळून.)

सोलापूरचा पूर्व भाग. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर या मागावर उतरते. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरतेय. भोक असेल तिथला हुक आपले धागे उचलतो, नसेल तिथला गप्प राहतो. शेजारचा हुक वर गेला की खाली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डनं बसवलेली ही युक्ती. थोडा वेळ नुसतं बघा.

(माळ्यावरची खोली. लॅपटॉपचा पडदा.)

हे त्याच चादरींच्या दुकानाचं वेबपान. त्यावर तीन सरकत्या चित्रपट्ट्या : चादर, टॉवेल, वॉल हँगिंग. टॉवेलचा बाण दाबला, आणि सरकली चादर.

"ताई, टॉवेल दाबलं की चादर पळायलीय की ओ!" मालक पान बनवणाऱ्या ताईला म्हणाले.

पहिली पट्टी छान चालली, म्हणून तोच कोड खाली आणखी दोनदा चिकटवला होता. तिघींचा आयडी, म्हणजे कोडमधलं ओळखनाव, एकच. वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये एक आयडी पानभरात एकदाच यायला हवा, पण दोनदा आला तरी ब्राउझर तोंड उघडत नाही. आयडीवरून घटक मागितला की वरून पहिला सापडेल तो हातात ठेवतो. वर चादर होती. शिवाय 'आता कितवं चित्र' हा आकडाही तिघींत मिळून एकच.

(कीबोर्डवरची बोटं.)

आता ताई एकच क्लास, म्हणजे पट्टीचा साचा, लिहितेय आणि त्यातून तीन पट्ट्या काढतेय. जिचा आकडा तिच्यापाशी. बाण शोधायचा तो साऱ्या पानात नाही, आपल्याच चौकटीत. मग पट्टीला एचटीएमएलमध्ये स्वतःचा टॅग : 'maal-patti'. मधली आडवी रेघ हौसेची नव्हे, कस्टम एलिमेंटच्या, म्हणजे आपण घडवलेल्या टॅगच्या, नावात ती लागतेच. आत शॅडो डॉम, पट्टीच्या आतल्या भागाभोवतीचं कुंपणच. पानाच्या स्टाइलचे नियम आतल्या बाणांना शिवत नाहीत, आतले बाहेर सांडत नाहीत. सीएसएस व्हेरिएबल, म्हणजे नाव देऊन ठेवलेली स्टाइलची मूल्यं, मात्र आत झिरपतात, त्यामुळे दुकानाचा मरून रंग एकदाच सांगून भागतं.

दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडची एकही लायब्ररी लागली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण हल्ली तीन चित्रं सरकवायला लोक अख्खी गिरणी उतरवून घेतात.

चित्र बदललं की खालची किंमतही बदलायला हवी. पट्टी किमतीला हात लावत नाही. 'चित्र बदललं' एवढा इव्हेंट, म्हणजे पानातली हाक, पुकारते, किंमतीची चौकट तो ऐकते आणि आपली आपण बदलते.

पान त्याच संध्याकाळी सुरू झालं. ऑर्डरी वाढल्या का, हे मालकांना विचारायचं राहूनच गेलं.

(पडदा जवळून. मागाचा आवाज पुन्हा.)

टॉवेलचा बाण. टॉवेल सरकला.