हॉर्डनचं चाळीस हजार पौंडांचं घर: घ्यायच्या आधी कागद मोजा

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, काउंटी डरहॅममध्ये हॉर्डन नावाचं गाव आहे. तिथं दोन बेडरूमचं अख्खं घर लिलावात चाळीस हजार पौंडांच्या आसपास मिळू शकतं. लंडनजवळच्या स्लाउमध्ये तेवढ्या पैशात घरकर्जासाठी स्वतः भरायचं डिपॉझिट तेवढं भागतं. म्हणून यूकेतले आपले मराठी लोक, आणि आता पुण्या-नाशिकचेही, या लिलावांच्या लिंक एकमेकांना पाठवतात. "घेऊन टाकू का? भाडं येत राहील."

घर स्वस्त का, ते आधी बघू. हॉर्डनची कोळसा खाण १९८७मध्ये बंद झाली, शेजारच्या ईझिंग्टनची १९९३मध्ये. ही घरं कामगारांसाठी बांधलेली, एकमेकांना चिकटून ओळीनं. इथल्या बऱ्याच रस्त्यांना नावंसुद्धा नाहीत, नुसते आकडे: पहिला रस्ता, दुसरा रस्ता, तेराव्यापर्यंत. खाण गेली, पगार गेले, घरं तेवढी राहिली. मागणी कमी आणि घरं जास्त, म्हणून किंमत कमी.

पण किंमत कमी झाली म्हणून कायदा स्वस्त होत नाही. गॅस तपासणीला लंडनच्या फ्लॅटला जो खर्च येतो, साधारण तोच इथंही येतो. आजच्या व्हिडिओचा मुद्दा एवढाच आहे.

[पडद्यावर: परवाना]

पहिली गोष्ट परवाना. डरहॅम काउंटी काउन्सिलनं १ एप्रिल २०२२पासून पाच वर्षांसाठी काही ठरावीक भागांत 'सिलेक्टिव्ह लायसन्सिंग' लागू केलं. हॉर्डन आणि ईझिंग्टन त्यात येतात. म्हणजे घर साधं एका कुटुंबाला दिलं तरी परवाना लागतो. प्रत्येक घराची फी ५०० पौंड. योजनेची मुदत मार्च २०२७पर्यंत आहे. पुढं ती वाढते का, हे काउन्सिलच्या साइटवर पत्ता टाकून तपासा.

इथं बरेच जण फसतात. लिलावाच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, "लायसन्स असलेली, भाडेकरूसकट मालमत्ता". पण परवाना हस्तांतरित होत नाही! जुन्या मालकाचा परवाना त्याच्यापुरता. तुम्ही मालक झालात की तुमचा नवा अर्ज. तो न करता भाडं घेत राहिलात, तर काउन्सिल ४०,००० पौंडांपर्यंत दंड करू शकतं आणि भाडेकरू ट्रायब्युनलकडं जाऊन दोन वर्षांपर्यंतचं भाडं परत मागू शकतो. चाळीस हजारांच्या घराला चाळीस हजारांचा दंड, हा हिशेब तुम्हीच करा. तुम्ही भारतात किंवा दुबईत असाल, तर स्थानिक एजंटला परवानाधारक करणं सोयीचं पडतं.

[पडद्यावर: प्रमाणपत्रं]

आता नेहमीची कागदपत्रं. गॅसची तपासणी दरवर्षी, 'गॅस सेफ' या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या माणसाकडून. वीज तपासणीचा अहवाल, ईआयसीआर, दर पाच वर्षांनी. त्यात सी१ (धोका आहे), सी२ (धोका होऊ शकतो) किंवा एफआय (आणखी तपासणी हवी) शेरा आला तर २८ दिवसांत काम करून घ्यायचं. प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म. बॉयलर किंवा खोली तापवायची शेगडी (स्वयंपाकाची गॅस शेगडी नव्हे) असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत टाकावं लागतं. भाडेकरूचा 'राइट टू रेंट', म्हणजे त्याला इंग्लंडमध्ये घर भाड्यानं घ्यायचा कायदेशीर हक्क आहे का, ते तपासायचं. ईपीसी, म्हणजे घराच्या ऊर्जाबचतीचा दाखला, किमान ई दर्जाचा हवा, आणि सरकारचा कल २०३०पर्यंत तो सी करण्याकडं आहे.

हा शेवटचा मुद्दा या गावात महागात पडतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घरांच्या भिंती बहुतेक भरीव विटांच्या असतात, मधे पोकळी नाही, म्हणून आतून किंवा बाहेरून इन्सुलेशन लावावं लागतं. आणि ओल! चिमणी बुजवलेली, भिंतीला प्लास्टिक पेंट, बाथरूमला पंखा नाही, हिवाळ्यात खिडक्या बंद. की कोपऱ्यात काळी बुरशी आलीच. मग कुणीतरी भिंतीत केमिकल इंजेक्शन मारायला सांगतो आणि हजार-दोन हजार पौंड जातात. पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा: छपराची पन्हळ (गटर) गळतेय का, मागच्या अंगणाची फरशी घरातल्या जमिनीपेक्षा वर आली आहे का, आणि पंखा चालतो का. बरेचदा दुखणं यातच असतं. दुर्लक्ष केलंत आणि काउन्सिलच्या अधिकाऱ्यानं 'कॅटेगरी १', म्हणजे गंभीर, धोका ठरवला, तर काउन्सिलला कारवाई करावीच लागते.

[पडद्यावर: १ मे २०२६]

रेंटर्स राइट्स कायद्यानं १ मे २०२६पासून कलम २१ची, म्हणजे कारण न देता घर खाली करून घ्यायची नोटीस संपवली. ठरावीक मुदतीचे करारही गेले. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं, दोन महिन्यांची सूचना देऊन. भाडं थकलं तर सक्तीच्या ताब्यासाठी तीन महिन्यांची थकबाकी लागते, वर चार आठवड्यांची नोटीस आणि मग कोर्टाची रांग. घर विकायचं म्हणून रिकामं हवं असेल, तर भाडेकरू आल्यापासून पहिलं वर्ष ते कारण वापरता येत नाही. नंतर चार महिन्यांची नोटीस. आणि ते कारण वापरून घर रिकामं केलंत, पण गिऱ्हाईक मिळालं नाही, तर पुढचे १२ महिने पुन्हा भाड्यानं देता येत नाही.

सरकारी मदतीवर जगणाऱ्या भाडेकरूला "नको" म्हणणंही आता बेकायदा आहे. अशा गावात तसे भाडेकरू बरेच असतात. त्यांच्या घरभाड्याच्या मदतीचा दर एप्रिल २०२४नंतर वाढलेला नाही, म्हणून भाडं किती वाढेल यालाही तिथंच चाप बसतो. दोन महिन्यांची थकबाकी झाली की युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीतला भाड्याचा भाग थेट तुम्हाला मिळावा असा अर्ज करता येतो. तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका.

[पडद्यावर: जमिनीखाली]

खाणीच्या गावात वकिलाकडून 'कॉन २९ एम' अहवाल मागवायचाच. घराखाली कोळसा कधी काढला, जवळपास जुनी शाफ्ट (खाणीत उतरायची उभी विहीर) आहे का, आधी नुकसानीचा दावा झाला होता का, हे त्यात येतं. खोल खाणीमुळं होणारी जमिनीची हालचाल काम थांबल्यावर काही वर्षांत सहसा संपते, म्हणून हॉर्डनमध्ये मी शाफ्ट आणि जुन्या दाव्यांचा रकाना जास्त बारकाईनं वाचायला सांगेन. कोळशाच्या जुन्या खोदकामानं घराला तडे गेले, तर १९९१च्या कायद्यानुसार दुरुस्तीची जबाबदारी मायनिंग रेमेडिएशन अथॉरिटीकडं येते. हीच पूर्वीची कोल अथॉरिटी. नुकसान लक्षात आल्यापासून सहा वर्षांत सूचना द्यावी लागते.

[पडद्यावर: हिशेब]

आता पैसे. समजा घर ३९,५०० पौंडांना घेतलं. हा आकडा मुद्दाम निवडलाय. चाळीस हजारांच्या खाली दुसऱ्या घरावरचा जादा स्टॅम्प ड्यूटी कर लागत नाही. ४५,०००ला घेतलंत तर ५ टक्के, आणि तुम्ही यूकेबाहेर राहत असाल तर आणखी २, म्हणजे ३,१५० पौंड.

भाडं महिना ४५० धरा, वर्षाचे ५,४००. जाहिरातवाला म्हणेल, १३.७ टक्के परतावा! आता आमचे ढोबळ अंदाज. एजंट १२ टक्के अधिक व्हॅट: ७७८. एक महिना रिकामा: ४५०. गॅस, वीज, परवाना मिळून वर्षाला २६०. विमा २२०. दुरुस्ती ७००. उरले साधारण ३,०००. खरेदीत वकील १,५०० आणि डागडुजी ९,००० मिळवली की गुंतवणूक ५०,०००. परतावा ६ टक्के, कर भरण्याआधी. आणि यात थकबाकीचं एकही वर्ष धरलेलं नाही. घर रिकामं असताना काउन्सिल टॅक्स मालकाच्या माथी येतो, तोही नाही.

किंमत वाढेल का? जमेची बाजू म्हणजे २९ जून २०२०ला हॉर्डनचं रेल्वे स्टेशन सुरू झालं, आता संडरलंड-न्यूकॅसलला थेट गाडी आहे. दुसरीकडं काउन्सिलची तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रस्त्यावरची घरं विकत घेऊन पाडायची योजना आहे. म्हणून गावापेक्षा रस्ता बघा. सक्तीनं घर घेतलं गेलं तर मालकाला बाजारभाव आणि त्यावर थोडी जादा रक्कम मिळते. पण दुरुस्तीची नोटीस धूळ खात पडली असेल तर ही जादा रक्कम जाते. पाडायला निघालेल्या रस्त्यावर "भरपाई मिळेल" म्हणून घर घेणाऱ्यांचं गणित मला तरी पटत नाही.

[पडद्यावर: भारतात राहणाऱ्यांसाठी]

भारतात राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. पैसे एलआरएसमधून, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून जातात, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. दहा लाख रुपयांच्या वर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापते, तो पुढं प्राप्तिकरात वळता होतो. तिकडं एजंट भाड्यातून २० टक्के कर कापून एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याला भरतो. तो थांबवायचा तर एनआरएल१ अर्ज करून मंजुरी घ्यायची. एजंटच नसेल आणि भाडं आठवड्याला १०० पौंडांच्या वर असेल, तर ही कापणी भाडेकरूनं करायची असते. आपल्या उदाहरणातले महिना ४५० म्हणजे आठवड्याला जवळजवळ १०४ पौंड. मग खाणकामगाराच्या घरातला भाडेकरू तुमचा कर कापत बसणार का? एजंट ठेवाच. एप्रिल २०२७पासून भाड्यावरच्या कराचा मूळ दर २२ टक्के होतोय. आणि भारतातल्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे घर दाखवायचं, भाडं शून्य आलं तरी.

लिलावाला निघालात तर क्रम असा ठेवा. आधी लीगल पॅक, म्हणजे लिलाववाल्यांनी दिलेली घराची कायदेशीर कागदपत्रं, वकिलाला द्या, मग परवाना आणि पाडापाडीचा नकाशा तपासा, मग 'कॉन २९ एम', मग कुणाला तरी घर प्रत्यक्ष बघायला पाठवा, आणि सगळ्यात शेवटी बोली. कारण हातोडा पडला की १० टक्के तिथल्या तिथं द्यावे लागतात आणि उरलेले साधारण २८ दिवसांत. कमी किमतीच्या घरावर कर्ज द्यायला अनेक बँका तयार नसतात, म्हणून तेवढी रोकड आधीच खात्यात हवी.