‘सोड’ म्हटल्यानंतरचा फोटो

(दृश्य : लांबलचक मैदान. पलीकडच्या टोकाहून कुत्रा सुटतो.)

त्या टोकाला कुत्रा आणि त्याचा हँडलर, म्हणजे त्याला हुकूम देणारा माणूस. या टोकाला जाड पँट घातलेला माणूस, हाताला तागाच्या कापडाची टणक बाही. हा हेल्पर, स्पर्धेत हल्लेखोराची भूमिका करणारा. तो आरडाओरडा करत, मऊ आवरणाची काठी उगारत कुत्र्यावर चाल करून जातो. कुत्र्याला मागून एकच हुकूम मिळालेला असतो. शेवटच्या दोन-तीन मीटरवर तो जमीन सोडतो.

(संथगती. झेप. बाहीवर धडक.)

श्वानस्पर्धेत सगळ्यात जास्त काढला जाणारा फोटो हाच. जबडा वासलेला, कान मागे, चारही पाय अधांतरी. फोटो जबरदस्त असतो, यात वाद नाही. कुंपणाला टेकलेल्या बहुतेक लेन्स याच क्षणासाठी आलेल्या असतात, आणि तो होऊन गेला की निम्म्या खाली होतात.

(दृश्य : गवतावर पालथी पडलेली फोटोग्राफर. डोळा कॅमेऱ्याला.)

या बाईंची लेन्स खाली होत नाही. त्यांना हवा असलेला फोटो अजून व्हायचाय.

त्यांनी जागा कुठली धरलीय ते बघा. बाही बहुतेक हेल्परच्या डाव्या हाताला असते, म्हणून त्या त्याच्या डाव्या अंगाला आहेत. दुसऱ्या बाजूने हेल्परची पाठ मिळते, कुत्र्याचं शेपूट मिळतं, चेहरा मिळायची खात्री नाही. आणि पालथं पडायचं कारण असं, की उभ्याने काढलेल्या फोटोत कुत्रा गवताला चिकटल्यासारखा दिसतो. लेन्स जमिनीलगत आली की पंजे आणि गवत यांच्यात उजेडाची फट दिसते. झेप दिसते ती त्या फटीमुळे.

(दृश्य : कॅमेऱ्याच्या चकत्या, बोटं, पुन्हा धावणारा कुत्रा.)

आता जरा हिशेब. कुत्रा सेकंदाला 10 मीटर धावतोय असं धरू. शटर सेकंदाच्या 250व्या भागाएवढं उघडलं, तर तेवढ्यात तो 4 सेंटीमीटर पुढे जातो आणि तोंड पुसट होतं. 1000व्या भागाला 1 सेंटीमीटर. 2000व्या भागाला अर्धा. मिशा मोजता येतील असा फोटो इथे सुरू होतो.

सेकंदाला 20 फ्रेम काढणारा कॅमेरा असला की बटण दाबून ठेवायचं, काम झालं, असं अनेकांना वाटतं. दोन फ्रेमच्या मधल्या वेळात हाच कुत्रा अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. दात बाहीला टेकतात तो नेमका क्षण त्या अर्ध्या मीटरमध्ये सहज हरवतो. फोकसचंही तेच. 200 मिलिमीटरची लेन्स, छिद्र (ॲपर्चर) f/2.8वर, कुत्रा 10 मीटरवर : फुल फ्रेम कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम 40 सेंटीमीटर खोल. नाकापासून शेपटापर्यंतचा कुत्रा त्यात मावतसुद्धा नाही. डोळा धारदार आला की बाकीचं चालतं, एवढाच नियम. 2019च्या सुमारास प्राण्यांचा डोळा ओळखणारा फोकस आला आणि जीव बराच हलका झाला. पण मध्ये हँडलरचा गुडघा आला की यंत्र अजूनही भांबावतं.

म्हणून या बाई कॅमेऱ्याच्या आधी कुत्रा वाचतात. झेपेआधी मागचे पाय पोटाखाली गोळा होतात, डोकं किंचित खाली जातं. बोट दाबायचं ते तिथे. झेप दिसल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो.

(दृश्य : धावत्या कुत्र्याच्या एकेक फ्रेम, ओळीने.)

1878 मध्ये छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावता घोडा टिपला. तोवर चित्रकार घोडा पुढे-मागे पाय फाकून हवेत तरंगताना काढत. फोटोंनी दाखवलं की त्याचे चारही पाय जमीन सोडतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. सुसाट सुटलेला कुत्रा हे दोनदा करतो. एकदा पाय गोळा करून आणि एकदा पूर्ण पसरून. फोटोसाठी दोन्ही क्षण कामाचे. पसरलेल्यात वेग दिसतो, गोळा झालेल्यात ताकद.

(दृश्य : काळा कुत्रा, भर उन्हात.)

आणि हा सगळ्यांची परीक्षा बघणारा गडी. पूर्ण काळा. फ्रेमभर काळं आलं की कॅमेरा ते करडं करून मोकळा होतो. मग कुत्रा धुवट आणि मागचं आकाश पांढरंफटक. स्वयंचलित मोजणी बंद करून उजेड हाताने ठरवायचा. मॅलिनॉइस या बेल्जियन शेफर्ड कुत्र्याच्या तोंडावर काळा मुखवटा असतो, त्याच्यासाठी सूर्य खाली उतरलेला हवा. डोळ्यात उजेडाचा ठिपका पडला नाही तर त्या काळ्यात डोळा आहे हेच कळत नाही. आणि फ्लॅश? बहुतेक स्पर्धांमध्ये त्याला मनाईच असते, आणि ते रास्तच आहे.

(दृश्य : मैदानावर उभे केलेले सहा तंबूवजा आडोसे. कुत्रा एकेक आडोसा फिरतो.)

आता हा खेळ काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा फोटो कळणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत जर्मन शेफर्ड जातीच्या पैदाशीसाठी ही कसोटी घडली. दिसायला देखणा कुत्रा कामाला कसा आहे, हे बघितल्याशिवाय त्याची पिल्लं घ्यायची नाहीत, हा त्यामागचा विचार. नावं बदलत गेली. 2019 पासून हा प्रकार आयजीपी म्हणून ओळखला जातो. तीन टप्पे : माग काढणं, आज्ञापालन, संरक्षण. प्रत्येकाला 100 गुण, पास व्हायला प्रत्येकात किमान 70. माग काढणं दूरच्या शेतात चालतं, तिथे कॅमेऱ्याला काम नाही. आपण मैदानावरच राहू.

वरच्या श्रेणीत आडोसे सहा, हेल्पर शेवटच्यात. कुत्र्याने त्याला शोधायचं आणि समोर उभं राहून भुंकायचं. हेल्पर हलत नाही तोवर दात लावायचा नाही. लावला तर गुण गेले.

(दृश्य : कुत्रा आणि हेल्पर समोरासमोर. भुंकणं. हेल्पर निश्चल.)

या भुंकण्यात पुढचे पंजे जमिनीवरून उचलले जातात, लाळेचे थेंब उडतात, आणि नाक बाहीपासून वीतभर अंतरावर थांबतं. ती वीतभर जागा फ्रेममध्ये मोकळी ठेवा. फोटोला घट्ट कातरी लावणारे नेमकी तीच कापतात आणि मग तो कुत्रा अंगावर आल्यासारखा दिसतो.

पुढे हेल्पर पळतो, कुत्रा पकडतो. पकड कशी आहे ते पंच बघतात : तोंड भरून, शांत. चाळे करत, पुन्हा पुन्हा चावणाऱ्याचे गुण कापले जातात. हेल्परचं कौशल्यही इथेच. तो धडक छातीवर झेलत नाही, वेगाबरोबर वळतो आणि कुत्र्याला अलगद खाली आणतो. न वळता ताठ उभा राहिला तर कुत्र्याची मान जायबंदी होऊ शकते.

मग हेल्पर थांबतो. हँडलर दुरून म्हणतो, सोड. जगभरात कित्येक जण अजूनही जर्मन हुकूमच देतात.

(दृश्य : जबडा सुटतो. संथगती नाही, मूळ वेगात.)

हा तो फोटो. बाहीवर ओली खूण, जबडा सुटलेला, अंग अजून ताणलेलं, नजर हेल्परवर आणि एक कान मागे, मालकाच्या आवाजाकडे वळलेला. पहिल्या हुकमाला नाही सोडलं तर आणखी दोनदा सांगता येतं, गुण गमावून. तरीही नाही सोडलं तर स्पर्धेतून बाद. झेप घ्यायला उत्साह पुरतो. तोंडात असलेली गोष्ट भर जोशात टाकायला महिनोन्‌महिन्यांची मेहनत लागते, आणि फोटोत उतरवायला हा क्षण झेपेपेक्षा अवघड. इथे काही उडत नाही, काही घडल्यासारखं दिसत नाही. कानाच्या त्या वळण्यावर सगळं.

दातांचेच फोटो फिरत राहिले की कुणी या कुत्र्यांच्या जातीला घाबरतं, कुणी नेमका त्याच कारणासाठी पिल्लू घरी आणतं आणि ते पुढे आसरागृहात जातं.

(दृश्य : ॲजिलिटीचं रिंगण. रंगीत खांबांतून नागमोडी धाव.)

पलीकडच्या रिंगणात ॲजिलिटी, म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून सुचलेला खेळ, 1978 मध्ये ब्रिटनमधल्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात पहिल्यांदा दाखवला गेला. बारा खांब, दोन खांबांत 60 सेंटीमीटर. समोरून लांब लेन्सने काढलं की खांब दाटीने येतात आणि कुत्रा त्यांना अंगाने बाजूला सारतोय असं दिसतं. आवाज नको म्हणून काही जण इलेक्ट्रॉनिक शटर लावतात. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, म्हणून लेन्स वेगाने फिरवली की तेच सरळ खांब फोटोत तिरके पडतात! बोगद्याच्या तोंडासमोर मात्र बसायचं नाही. कुत्रा बाहेर येतो तेव्हा त्याला पुढचा अडथळा दिसायला हवा, लेन्स नव्हे.

(दृश्य : गाडीच्या डिकीत लॅपटॉप. दोघी वाकून पाहताहेत.)

संध्याकाळी हँडलर फोटो बघायला येतात. झेपेचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो, आणि बाई तो देतातही. या हँडलरबाई मात्र आज्ञापालनाच्या फ्रेम मागे-पुढे करताहेत. कुत्रा हुकमाआधीच उठला म्हणून त्यांचे गुण गेलेत. एका फ्रेमवर त्या थांबतात, मोठी करतात. त्यांचं तोंड मिटलेलं आहे, म्हणजे हुकूम अजून दिलेला नाही. पण उजवा खांदा पुढे गेलाय. पुढच्या फ्रेममध्ये कुत्रा उठायला लागलाय.

त्या तोच फोटो मागून घेतात. गेलेले गुण कुत्र्याच्या नावावर लावायचे की स्वतःच्या, यावर दोघींचं अजून चाललंय.