भर उन्हात उपाशी झाड

(दृश्य: वरुड तालुका. मे महिन्यातली दुपार. संत्र्याचा बगीचा.)

बगीच्यात या वेळी चिटपाखरू नाही. पारा ४५ वर गेलाय. कामावरच्या बाया अकरालाच घरी परतल्या. झाडाखाली बघा, बोराएवढी हिरवी संत्री पडलीत. आंबिया बहाराची, म्हणजे थंडी सरताना आलेल्या फुलोऱ्याच्या फळांची, ही गळ.

पाणी कमी पडलं, असं आपण म्हणतो. ते खरंही आहे. पण झाडाची उपासमार पानातून सुरू होते.

(दृश्य: पानाचा खालचा भाग, अगदी जवळून.)

पानाला अन्न करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो येतो बारीक पर्णरंध्रांतून. त्याच वाटेनं पाण्याची वाफ बाहेर जाते आणि पान माठासारखं गार राहतं. कोरडी झळ सुटली की मुळांचा पुरवठा अपुरा पडतो. झाड रंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण वायू अडतो आणि पान तापत जातं.

आत रुबिस्को नावाचं प्रथिन कार्बन पकडतं, त्याचीच पुढे साखर होते. रुबिस्कोला कामाला लावणारं दुसरं एक प्रथिन आहे, रुबिस्को ॲक्टिव्हेज. ते फार नाजूक. बऱ्याच पिकांत पान ३५ ते ४० अंशांवर गेलं की ते ढिलं पडू लागतं. त्यात उष्णता वाढली की रुबिस्को कार्बन सोडून वरचेवर ऑक्सिजन धरतं. ती चूक निस्तरताना झाडाची ऊर्जा जाते, कमावलेला कार्बनही थोडा निसटतो.

कापूस, सोयाबीन, तूर, सगळ्यांची हीच गत. ज्वारीची नाही. ती वायू आधी वेगळ्या प्रथिनानं पकडते, मग शिरांभोवतीच्या पेशींत कोंडते. रुबिस्को तिथंच असतं, ऑक्सिजनला फारसा वाव मिळत नाही. आपल्या वावरांतून सोयाबीननं हटवली ती हीच ज्वारी. याची हळहळ वाटते.

(दृश्य: झाडाच्या आळ्यात कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पसरणारे हात.)

सोयाबीनच्या कुटाराचा हा थर ओल धरतो, मुळं गार ठेवतो. रंध्रं सकाळी थोडी जास्त वेळ उघडी राहतात.

(दृश्य: रात्र.)

अंधारात झाड श्वसनासाठी साखर खर्च करतं. रात्र जितकी गरम, तितका खर्च जास्त. उजाडलं की रंध्रं उघडतील. नऊ-दहापर्यंत ऊन सोसवेल. फांदीवरच्या प्रत्येक फळाचं पोट तेवढ्या वेळात भरायचं आहे.