इशारा पोहोचला होता

(दृश्य: मॉस्को. क्रोकस सिटी हॉलची जळालेली इमारत.)

७ मार्च २०२४. मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासाने आपल्या नागरिकांना जाहीर सूचना दिली: पुढचे ४८ तास गर्दीपासून लांब राहा, संगीताच्या कार्यक्रमांना जाऊ नका. हीच खबर अमेरिकेने रशियालाही कळवली. तेव्हा या दोन देशांमधून विस्तव जात नव्हता. तरीही कळवली, कारण अमेरिकी गुप्तचर यंत्रणांना २०१५पासून तसा लेखी नियमच आहे. कुणाच्या जिवावर बेतणार असल्याचं समजलं, तर त्याला सावध करायचं.

१९ मार्चला पुतिन म्हणाले, हा आम्हाला घाबरवण्याचा प्रकार आहे. २२ मार्चला सभागृहात गोळीबार झाला, आग लागली. १४०हून अधिक माणसं मेली.

गंमत म्हणावी तर कडू आहे. डिसेंबर २०१७मध्ये याच पुतिन यांनी ट्रम्प यांना फोन करून आभार मानले होते. सीआयएने दिलेल्या खबरीमुळे सेंट पीटर्सबर्गमधला हल्ल्याचा कट उधळला गेला होता. देणारा तोच, घेणाराही तोच. मधल्या सहा वर्षांत विश्वास तेवढा उरला नव्हता.

(दृश्य: जुन्या फायली, शिक्के मारलेली पानं.)

सिनेमात दोन देशांचे हेर अंधाऱ्या पुलावर भेटतात. प्रत्यक्षात हे काम पुष्कळसं कारकुनी वळणाचं असतं. दूतावासात एक संपर्क अधिकारी बसतो. तो कोण आहे, हे यजमान देशाला ठाऊक असतं. कागद त्याच्यामार्फत येतो, आणि कागदाच्या माथ्यावर तो कुणी वाचायचा ते लिहिलेलं असतं. अमेरिकी कागदांवर 'नोफॉर्न' असा शेरा दिसतो, म्हणजे परदेशी माणसाला दाखवायचा नाही. 'ऑरकॉन' असेल, तर ज्याने माहिती मिळवली त्याला विचारल्याशिवाय ती पुढे द्यायची नाही. साऱ्या व्यवहाराचा कणा हाच. तुमच्याकडून घेतलेली खबर तिसऱ्याच्या हाती पडली, तर तुमचा खबऱ्या मरू शकतो. मग पुढची खबर कोण देईल?

ब्रिटन आणि अमेरिकेने ५ मार्च १९४६ रोजी इतर देशांचे संदेश चोरून टिपण्याच्या कामात भागीदारीचा करार केला. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड त्यात आले. आज ज्याला 'फाइव्ह आइज' म्हणतात, त्याचं हे मूळ. कराराचा मजकूर लोकांना वाचायला मिळाला २०१०मध्ये. चौसष्ट वर्षांनी!

पण खबऱ्याला झाकणारा पडदा खोट्यालाही झाकतो.

(दृश्य: संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद, फेब्रुवारी २००३.)

१९९९मध्ये एक इराकी रसायन अभियंता जर्मनीत आश्रयाला आला. टोपणनाव कर्व्हबॉल. तो सांगायचा, सद्दामने ट्रकवर फिरत्या जैविक शस्त्रांच्या प्रयोगशाळा उभारल्या आहेत. जर्मनीची गुप्तचर संस्था बीएनडी त्याची चौकशी करायची आणि माहिती अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर संस्थेला पाठवायची. जवळजवळ शंभर अहवाल असे गेले. अमेरिकी अधिकाऱ्यांना मात्र त्याच्यासमोर बसून प्रश्न विचारता आले नाहीत. तो अमेरिकनांशी बोलणार नाही, असं जर्मनांनी सांगितलं होतं. २००३च्या इराक युद्धापूर्वी अमेरिकेच्या बाजूने त्याला प्रत्यक्ष पाहिलं ते एका डॉक्टरने.

५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी त्या ट्रकांची चित्रं जगाला दाखवली. आपल्याकडे चार सूत्रं असल्याचं ते म्हणाले. मुख्य सूत्र कर्व्हबॉलच. आणि चौघांपैकी एकावर तर अमेरिकेच्याच यंत्रणेने मे २००२मध्ये 'हा बनाव रचतो' असा शेरा मारलेला होता. तो शेरा भाषण लिहिणाऱ्यांपर्यंत गेला नाही. सीआयएला कर्व्हबॉलची थेट भेट मिळाली मार्च २००४मध्ये. तोवर बगदाद पडून जवळजवळ वर्ष झालं होतं. २०११मध्ये त्याने स्वतःच कबूल केलं, मी खोटं बोललो.

दोष जर्मनांचा की अमेरिकनांचा? माझ्या मते आधी मागणाऱ्याचा. ज्याला युद्धासाठी कारण हवंच होतं, त्याने उसन्या मालाची पारख केली नाही.

(दृश्य: कोलंबो. सेंट अँथनी चर्च.)

श्रीलंकेत उलटं घडलं. तिथे खबर अस्सल होती.

४ एप्रिल २०१९ला भारताकडून श्रीलंकेच्या राज्य गुप्तचर सेवेच्या प्रमुखांना इशारा मिळाला: कट्टरपंथी धर्मोपदेशक झहरान हाशिम आणि त्याचे साथीदार आत्मघाती हल्ल्याच्या तयारीत आहेत, लक्ष्य चर्च आणि भारतीय उच्चायुक्तालय. खबरीत नाव होतं, पद्धत होती, ठिकाणं होती. यापेक्षा नेमकी खबर या धंद्यात क्वचितच मिळते.

मग कागद फिरू लागला. ९ एप्रिलला राष्ट्रीय गुप्तचर प्रमुखांचं पत्र पोलीस महानिरीक्षकांकडे. ११ एप्रिलला एका उपमहानिरीक्षकांचं पत्र, मंत्र्यांच्या आणि बड्या लोकांच्या सुरक्षा विभागांना. चर्चच्या धर्मगुरूंना कुणी काही सांगितलं नाही. पंतप्रधान विक्रमसिंघे यांनाही माहीत नव्हतं. राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांच्याशी त्यांचं बिनसलेलं होतं आणि महिनोन्‌महिने श्रीलंकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकांचं बोलावणंच त्यांना येत नव्हतं. सिरिसेना स्वतः हल्ल्याच्या दिवशी देशाबाहेर होते.

२१ एप्रिल, ईस्टरचा रविवार. तीन चर्च, तीन मोठी हॉटेलं. अडीचशेहून अधिक मृत्यू. दोन देशांमधलं अंतर खबरीने सहज पार केलं होतं. ती अडली ती एकाच राजधानीतल्या दोन कार्यालयांच्या मध्ये.

१२ जानेवारी २०२३ला श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सिरिसेना यांनी स्वतःच्या खिशातून दहा कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यावी. माजी पोलीसप्रमुख आणि राज्य गुप्तचर सेवेचे माजी प्रमुख यांनी प्रत्येकी साडेसात कोटी. एवढा नेमका इशारा हाती असूनही हल्ला रोखता आला नाही, हा ठपका न्यायालयाने या माणसांवर नावानिशी ठेवला.