काटा ६२ म्हणतो, टेप ९४

एक गाजलेला फोटो आहे. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत, एक लंडनचे जॉन युडकिन आणि दुसरे आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, सेम टू सेम, २२.३. म्हणजे काट्याच्या हिशोबाने दोघंही एकदम फिट. पण अंगातली चरबी मोजणारा डेक्सा स्कॅन केला तर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के, दुपटीहून जास्त! २००४ मध्ये हा फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि आपल्याकडची बारीक दिसणारी माणसं आतून कशी असतात ते जगाला कळलं.

आणि हे जन्मापासूनच असतं बरं का. पुण्याजवळच्या गावांमध्ये याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनचं ३.५ किलोचं, म्हणजे आपलं लेकरू हातापायाने किती बारीक, पण पाठीवरच्या कातडीची चिमूट धरून मोजली तर चरबी मात्र जवळपास तेवढीच.

म्हणून तर आपल्यासाठी बीएमआयची रेघसुद्धा खाली आणलीय, २५ नाही, २३ च्या पुढे गेलात की वजन जास्त. तरी बीएमआयला चरबी कुठली आणि मसल कुठला ते कळतच नाही, तो फक्त वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, बास.

घरी फॅट दाखवणारे काटे मिळतात ना, ते तळपायातून बारीकसा करंट सोडतात, तो पाण्यातून पटकन जातो, चरबीत अडतो, त्यावरून अंदाज बांधतात. पाणी कमी प्यायलं असेल तरी आकडा हलतो. त्यामुळे रोज सकाळी एकाच वेळी बघा आणि महिन्याभरात कुठे चाललाय तेवढंच धरा.

पण खरं सांगू, मला सगळ्यात भरवशाची वाटते ती शिंप्याची टेप. कारण त्रास देते ती पोटाच्या आतली, लिव्हरजवळची चरबी, तीच रक्तातली साखर ताब्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. कमरेचा घेर पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०, त्याच्या पुढे गेलं की डॉक्टरांकडे जाऊन शुगर तपासायची.

माझे बाबा ६२ किलो, उंची १६५, बीएमआय २३ च्या आतच. ‘माझी पँट ३४ ची, मला काय झालंय’ असं म्हणायचे. पण पँटचा पट्टा पोटाच्या खाली बसतो हो! बनियन वर करून त्यांना उभं केलं, शेवटची बरगडी चाचपली, कमरेचं हाड चाचपलं, दोघांच्या बरोबर मध्ये टेप लावली, श्वास सोडा म्हटलं. पोट आत ओढू नका बाबा.

९४.

त्यांनी चष्मा लावून स्वतः आकडा बघितला आणि म्हणाले, परत मोज.