आधी घर, बाकीचं नंतर

फिनलंडची राजधानी हेलसिंकी. तिथल्या अल्पीकातु रस्त्यावर साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेचा बेघरांसाठी रात्रनिवारा होता. 250 खाटा. 2012पर्यंत त्याच इमारतीत 80च्या आसपास स्वतंत्र घरं तयार झाली. खाट मिळायची रात्रीपुरती. घराला भाडेकरार आला, आणि आतून लावता येईल अशी कडी.

मग बाकीची माणसं मावली कुठे? शहरभर पसरलेल्या सदनिकांत. वाय-फाउंडेशन ही संस्था 1985पासून साध्या सोसायट्यांमध्ये सुटी घरं विकत घेत आली. त्यासाठी अनुदान आलं जुगाराच्या मशिनांच्या उत्पन्नातून. पैशाला वास नसतो म्हणतात, तसंच!

बेघरांना घर देण्याची जुनी रीत उलटी होती. दारू सोड, उपचार घे, शिस्तीत राहून दाखव, मग घराचं बघू. एकदा पाय घसरला की पुन्हा फुटपाथ. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी हा क्रमच फिरवला. किल्ली आधी. भाड्यापोटी उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा भरायचा आणि घरी येणाऱ्या कार्यकर्त्याला भेटायचं. उपचाराची सक्ती नाही.

हे चालतं का? कॅनडाने 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत 2000हून अधिक लोकांवर ते तपासलं. शेवटच्या सहा महिन्यांत, आधी घर मिळालेल्यांपैकी 62 टक्के लोकांकडे सगळा काळ राहायला घर होतं. नेहमीच्या सेवांवर असलेल्यांपैकी 31 टक्के. व्यसन आणि मानसिक आजारात मात्र दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. विरोधक नेमकं यावरच बोट ठेवतात. पण घर दिलं होतं ते राहायला, आणि लोक राहिले.

माणसाचा प्रश्न सुटला, तरी शहराचा सुटतोच असं नाही. कॅलिफोर्नियाने 2016 साली हे धोरण कायद्यात आणलं, तरी तिथले बेघर वाढतच गेले. एकाला किल्ली देईपर्यंत भाडं न झेपलेले दुसरे रस्त्यावर येत होते. ह्यूस्टनमध्ये 2011नंतर बेघरांची संख्या निम्म्याहून खाली आली. तिथे घरं बांधणं सोपं, भाडी तुलनेनं कमी, आणि सगळ्या संस्था एकाच यादीवरून काम करतात.

फिनलंडमध्ये 1980च्या दशकात 15 हजारांहून जास्त बेघर होते. 2023 साली उरले 3,429. पुढच्या वर्षी सरकारने घरभाडे भत्त्याला कात्री लावली, आणि कितीतरी वर्षांनी आकडा वर गेला: 3,806.