अस्वलाच्या गळ्यातला टाय

नमस्कार श्रोतेहो.

योगी नावाचं एक अस्वल आहे. डोक्यावर हिरवी हॅट, गळ्यात कॉलर आणि हिरवा टाय, बाकी अंगावर काही नाही. जेलीस्टोन नावाच्या उद्यानात ते राहतं आणि सहलीला आलेल्या माणसांच्या खाऊच्या टोपल्या पळवतं. ज्यांच्या घरी नव्वदीच्या दशकात केबल आली, त्यांची त्याच्याशी ओळख असेलच.

नाव ऐकून वाटतं, हे आपल्याकडचंच. नातं आहे, पण लांबचं. अमेरिकेत योगी बेरा नावाचा मोठा बेसबॉलपटू होता. लहानपणी तो हातापायांची घडी घालून बसायचा. त्याच्या एका मित्राने भारतावरच्या चित्रपटात एक योगी पाहिला होता. हा अगदी तसाच दिसतो म्हणून मित्राने त्याला ते नाव चिकटवलं. पुढे अस्वलालाही तेच नाव मिळालेलं पाहून बेरा चिडला. अस्वल काढणाऱ्यांचं म्हणणं, हा निव्वळ योगायोग. आता योगी आणि योगायोग, यावर कोर्टाने तरी काय बोलावं! बेराने प्रकरण पुढे ताणलं नाही.

पण मला आज बोलायचंय ते त्या टायबद्दल. उघड्या अंगाच्या अस्वलाला टाय कशाला?

1957 साली हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने आपला कार्टून विभाग बंद केला. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा ही जोडी तिथे होती. टॉम आणि जेरी त्यांचेच, आणि त्या मांजर-उंदरांनी कंपनीला सात ऑस्कर मिळवून दिले होते. पण सात-आठ मिनिटांच्या एका चित्रफितीसाठी हजारो चित्रं काढावी लागत आणि खर्च चाळीस-पन्नास हजार डॉलरच्या घरात जाई. दोघं टेलिव्हिजनकडे वळले, तर तिथे पाच मिनिटांसाठी जेमतेम तीन हजार मिळायचे. लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक वडापावच्या पैशांत करायचा, असा तो मामला.

मग काटकसर सुरू झाली. धड एका पारदर्शक प्लास्टिकच्या तावावर काढायचं, डोकं दुसऱ्यावर. पात्र बोलत असेल तेव्हा फक्त डोक्याची चित्रं बदलायची, धड तेच ठेवायचं. आता डोकं आणि धड जिथे जुळतं तिथली रेघ दिसणार. ती झाकायला कॉलर आणि टाय. हकलबेरी हाउंड या निळ्या कुत्र्याच्या गळ्यात बो, क्विक ड्रॉ मॅकग्रॉ या घोड्याच्या गळ्यात रुमाल, आणि योगीला टाय. फॅशन वगैरे काही नाही, सांधा लपवायची युक्ती.

चित्र हलत नाही म्हटल्यावर सगळा भार आवाजावर आला. हकलबेरी, योगी, क्विक ड्रॉ, तिघांचाही आवाज एकाच माणसाचा, डॉज बटलर यांचा. योगीचं बोलणं त्यांनी आर्ट कार्नी या विनोदी नटाच्या लकबीवर बेतलं होतं. ही कार्टूनं डोळे मिटून ऐकली तरी कळतात. रेडिओवर बोलणाऱ्या माझ्यासारख्याला याचं अंमळ जास्तच कौतुक.

आता पैसे कुणाचे? न्याहारीवाल्यांचे. 'द हकलबेरी हाउंड शो' 29 सप्टेंबर 1958 ला सुरू झाला, तो केलॉग्ज कंपनीच्या पैशांवर. शिकागोची लिओ बर्नेट ही तिची जाहिरात संस्था. योगी या कार्यक्रमातलं दुय्यम पात्र होता, 1961 मध्ये त्याला स्वतंत्र कार्यक्रम मिळाला. तोवर तो केलॉग्जच्या ओकेज नावाच्या न्याहारीच्या खोक्यावर जाऊनही बसला होता. क्विक ड्रॉच्या वाट्याला शुगर स्मॅक्स आलं. त्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर होती. तेव्हा ते लपवायचं कारणच नव्हतं, साखर नावातच होती.

गंमत अशी की ही कंपनी ज्या गावातून निघाली, त्या मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचं आरोग्यधाम होतं. शाकाहार, संयम, सपक जेवण. कॉर्नफ्लेक्सची वाटचाल तिथल्या स्वयंपाकघरातून सुरू झाली. धाकट्या भावाने, विल कीथने, 1906 मध्ये कंपनी काढली. साखर घालण्यावरून दोघा भावांचं वाजलं, ते कायमचं. हीच कंपनी 1994 मध्ये आपल्याकडे आली, रायगड जिल्ह्यात तळोज्याला कारखाना काढला, आणि आपण त्या कुरकुरीत पोह्यांवर गरम दूध ओतून त्यांचा लगदा केला. आमच्या घरी तर मक्याच्या पोह्यांचा चिवडा होतो, दुधाचा संबंधच नाही.

असो. केलॉग्जची स्पर्धक जनरल मिल्स मिनेसोटा राज्यातली. तिने 1959 मध्ये रॉकी ही उडती खार आणि बुलविंकल हा मूस, म्हणजे थोराड शिंगांचं मोठं हरिण, यांना पडद्यावर आणलं, आणि या जोडीचं काल्पनिक गावही मिनेसोटातच वसलेलं. याच कंपनीच्या ट्रिक्स या न्याहारीचा ससा ज्याने काढला, त्या जो हॅरिसनेच पुढे अंडरडॉग हे कुत्रं काढलं. 1964 मध्ये आलेला तो कार्यक्रम जाहिरात क्षेत्रातल्या माणसांनी जनरल मिल्ससाठीच उभा केला होता.

एक भांडण मात्र सांगायलाच हवं. स्नॅगलपस हा गुलाबी पहाडी सिंह. त्याचा आवाजही बटलर यांचाच, पण तो ऐकला की 'द विझार्ड ऑफ ऑझ' या चित्रपटातला भित्रा सिंह आठवे. ते काम करणारे बर्ट लाऱ तेव्हा हयात होते. नुसतं कार्टून होतं तोवर ठीक चाललं. स्नॅगलपस केलॉग्जची कोको क्रिस्पीज ही न्याहारी विकायला लागला तेव्हा लाऱ यांनी हरकत घेतली: लोकांना वाटेल, मीच हे खा म्हणून सांगतोय. शेवटी जाहिरातीत पाटी आली, आवाज डॉज बटलर यांचा. जाहिरातीत आवाजाच्या कलाकाराचं नाव झळकणं ही त्या काळी नवलाई. बटलर यांना ते मिळालं, तेही दुसऱ्याच्या तक्रारीमुळे.

तिसरी कंपनी पोस्ट. तिने तर उलटीच गंगा वाहवली. आधी खोकं, मग पात्र, मग पात्राचा कार्यक्रम. क्रिस्पी क्रिटर्सच्या खोक्यावरचा सिंह लायनस 1964 मध्ये 'लायनस द लायनहार्टेड' चा नायक झाला. सोबतीला शुगर क्रिस्पचं अस्वल आणि अल्फाबिट्सचा पोस्टमन. कार्यक्रमात सिंह, जाहिरातीतही तोच सिंह. समोर बसलेल्या पाच वर्षांच्या पोराने गोष्ट कुठे संपली आणि दुकान कुठे सुरू झालं, हे ओळखायचं कसं?

1969 मध्ये अमेरिकेच्या सरकारी दळणवळण आयोगाने ठरवलं की मुलांच्या कार्यक्रमातलं पात्र त्याच कार्यक्रमाच्या जाहिरातीत दिसता कामा नये. लायनसचा तर जन्मच खोक्यावरचा, त्याला दोन्हींतून एक निवडता येईना. त्याचा कार्यक्रम बंद झाला. शुगर क्रिस्पचं अस्वल मात्र खोक्यावर टिकून राहिलं. स्वेटर घातलेलं, झोपाळू डोळ्यांचं.

नमस्कार.